पोलादाला बळ येते कोठून?

वैनगंगेच्या काठी वसलेल्या आरमोरी परिसरात धानाची कापणी जवळ आली की लोहाराच्या भात्याला उसंत मिळत नाही. वर्षभर बोथट झालेले विळे निखाऱ्यात लाल होतात, ऐरणीवर ठोकले जातात आणि अखेरीस त्यांची धार पाण्यात बुडवली जाते. यालाच 'पाणी देणे' म्हणतात. पाणी नेमके बसले तर विळा हंगामभर धार धरून ठेवतो. कमी पडले तर दोन दिवसांत बोथट होतो, आणि जास्त झाले तर दगडावर आपटताच त्याचा तुकडा उडतो. लोखंड तेच, वजन तेच. मग हा फरक आला कोठून?

लोहाराने या प्रश्नाचे उत्तर हाताने शोधले होते. विदर्भात ही विद्या फार जुनी आहे. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथील उत्खननात महापाषाणयुगीन लोकांची लोखंड गाळण्याची भट्टी सापडली असून तिचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे सातशे वर्षे इतका मागे जातो. मात्र या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर मिळण्यास १९३४ साल उजाडावे लागले. पोलादाची शक्ती त्याच्या अणूंमध्ये जितकी आहे, तितकीच ती त्या अणूंच्या रचनेतील दोषांमध्ये आहे, असे ते काहीसे चमत्कारिक उत्तर होते.

चांद्याचे लोखंड

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी आरमोरीसह हा सारा मुलूख चांदा, म्हणजेच चंद्रपूर जिल्ह्याचा भाग होता. त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी, १८८२ मध्ये, नागपुरात कापडगिरणी चालवणाऱ्या जमशेटजी टाटा यांच्या वाचनात रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल आला. चांदा जिल्ह्यातील लोहारा येथे उत्तम प्रतीचे लोहखनिज आहे आणि जवळच वरोऱ्याला कोळसा आहे, असे त्यात म्हटले होते. टाटांच्या पोलाद कारखान्याच्या स्वप्नाचा उगम तेथे आहे. परंतु वरोऱ्याचा कोळसा लोखंड गाळण्याच्या कामाचा नाही असे जर्मनीतील चाचणीत आढळले. पुढे शोधाची वाट नागपूरच्या संग्रहालयातील भूशास्त्रीय नकाशामुळे दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांकडे वळली आणि शेवटी कारखाना उभा राहिला तो साकचीला, आजच्या जमशेदपूरला. दल्ली-राजहऱ्याचे खनिज नंतर भिलाईच्या कारखान्याला मिळाले. भारतीय रेल्वेचे रूळ प्रामुख्याने तेथेच तयार होतात.

आज एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचे लोहखनिज आणि चामोर्शी तालुक्यातील कोनसरी येथील लोहप्रकल्प यांमुळे गडचिरोलीचे नाव पुन्हा लोखंडाशी जोडले गेले आहे. तथापि खनिजातून लोखंड वेगळे करणे ही निम्मी वाट झाली. त्या मऊ लोखंडाचे कणखर पोलाद करणे ही उरलेली निम्मी वाट होय, आणि तिच्यावरही विदर्भाचा ठसा आहे. पोलादात जवळजवळ नेहमीच मिसळावे लागणारे मँगनीज नागपूर-भंडारा पट्ट्यातील मनसर, कांद्री, चिखला, डोंगरी बुजुर्ग अशा खाणींतून निघते. चंद्रपूरच्या फेरो अलॉय कारखान्यात विजेच्या भट्ट्यांमधून फेरोमँगनीज व सिलिकोमँगनीज तयार होते. १९७४ मध्ये महाराष्ट्र इलेक्ट्रोस्मेल्ट या नावाने स्थापन झालेला हा कारखाना २०११ मध्ये 'सेल'मध्ये विलीन झाला आणि सेलच्या पोलाद कारखान्यांना ही मिश्रणे पुरवतो. हे काळसर खडे वितळलेल्या पोलादात पडल्यावर आत काय घडते, हे समजण्यासाठी प्रथम शुद्ध लोखंडाच्या आत डोकवावे लागेल.

कोशाच्या अळीची चाल

लोखंडाचे अणू कवायतीच्या मैदानावरील पथकाप्रमाणे ओळीत उभे असतात. घनाच्या आठ कोपऱ्यांवर आठ आणि मधोमध एक, अशी ही रचना तिन्ही दिशांना पुन्हा पुन्हा येते. शेजारच्या दोन अणूंमधील अंतर एका मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागाच्या जेमतेम अडीचपट असते. लोखंड वाकते तेव्हा अणूंचा एक थर दुसऱ्या थरावरून सरकतो. एक संपूर्ण थर एकाच वेळी सरकवायचा तर किती बल लागेल, याचे गणित रशियन शास्त्रज्ञ फ्रेंकेल यांनी १९२६ मध्ये मांडले. उत्तर प्रत्येक चौरस मिलिमीटरला हजारो न्यूटन असे आले. प्रत्यक्षात अतिशुद्ध लोखंड अवघ्या काही दशक न्यूटनांना शरण जाते. गणित आणि वस्तुस्थिती यांत शंभर ते हजार पटींची तफावत होती.

१९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे या कोड्याचा उलगडा केला. संपूर्ण थर एकदम सरकतच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. अणूंच्या रांगांमध्ये कोठेतरी एखादी अर्धी रांग जास्तीची घुसलेली असते. त्या अर्ध्या रांगेच्या कडेला जी दोषरेषा निर्माण होते तिला 'डिसलोकेशन', मराठीत स्थानभ्रंश, म्हणतात. जोर लावला की ही दोषरेषा एकेक अणू पुढे सरकत जाते.

आरमोरीच्या वाचकाला हे समजण्यास फार लांब जायला नको. हा भाग कोसा रेशमासाठी प्रसिद्ध आहे. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या वाढवण्याचे काम ढिवर समाजातील कुटुंबे पिढ्यान्पिढ्या करीत आली आहेत. ही जाडजूड अळी फांदीवरून चालते तेव्हा सारे शरीर एकाच वेळी ओढत नाही. मागच्या बाजूला एक उंचवटा उठतो आणि तो हळूहळू पुढे सरकतो. उंचवटा डोक्यापाशी पोहोचला की अळी एक पाऊल पुढे गेलेली असते. कोणत्याही क्षणी शरीराचा थोडासाच भाग फांदीपासून सुटलेला असतो, म्हणूनच कमी जोरात काम भागते. लोखंडाच्या स्फटिकातील दोषरेषा म्हणजे असाच सरकता उंचवटा होय. तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला की सारा थर एका अणूच्या अंतराने सरकलेला असतो.

ही केवळ कल्पना राहिली नाही. १९५६ मध्ये केंब्रिज येथे हर्श, हॉर्न आणि व्हेलन यांनी ॲल्युमिनियमच्या पातळ पापुद्र्यातून जाणाऱ्या दोषरेषा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष हलताना पाहिल्या. त्याच सुमारास केसाहून बारीक, जवळजवळ निर्दोष अशा लोखंडी तंतूंच्या चाचण्या झाल्या. त्या तंतूंचे बळ फ्रेंकेल यांच्या गणिताच्या आसपास भरले. दोष नसेल तर लोखंड खरोखरच तेवढे बळकट असते, हे त्यातून सिद्ध झाले. पण रेल्वेचा रूळ किंवा घराची सळई निर्दोष स्फटिकातून घडवणे शक्य नाही. दोष काढून टाकता येत नसतील तर त्यांची वाट अडवणे हाच मार्ग उरतो. पोलादशास्त्राचा फार मोठा भाग या वाट अडवण्याच्या कलेचा आहे.

रांगेत शिरलेले परके अणू

दोषरेषेच्या भोवतालची जागा शांत नसते. जास्तीची अर्धी रांग ज्या बाजूला घुसली आहे तेथे अणू दाटीवाटीने दाबलेले असतात आणि तिच्या खालच्या बाजूला ते ताणले जाऊन सैल झालेले असतात. आता या रचनेत लोखंडाच्या जागी मँगनीज किंवा सिलिकॉनचा अणू बसला असे समजू. आकाराने मोठ्या अणूला सैल बाजूची मोकळी जागा मानवते, तर लहान अणू दाटीच्या बाजूला सोयीचा ठरतो. दोघांच्याही सोबतीने दोषरेषेभोवतीचा ताण थोडा निवळतो. ताण निवळला की रेषा तेथे स्थिरावते आणि तिला तेथून हलवण्यास अधिक जोर लागतो. रांगेत न बसणारा असा प्रत्येक परका अणू म्हणजे वाटेतला एक लहानसा अडसर असतो.

या अडसरांचे मोजमापही झालेले आहे. वजनाने एक टक्का मँगनीज विरघळले तर मऊ लोखंडाचे बळ चौरस मिलिमीटरला सुमारे तीस-बत्तीस न्यूटनांनी वाढते. सिलिकॉनच्या बाबतीत ही वाढ ऐंशीच्या वर जाते. मँगनीजचा अणू लोखंडाच्या अणूशी आकाराने बराच मिळताजुळता असल्याने त्याचा उपद्रव सौम्य, आणि म्हणून त्याचे बळही सौम्य. मग मँगनीज इतके अपरिहार्य का? कारण ते एकाच वेळी अनेक कामे करते. गंधक लोखंडाशी संयोग पावले तर कणांच्या सीमेवर लवकर वितळणारा थर तयार होतो आणि तापलेले पोलाद लाटताना फाटते. मँगनीज त्या गंधकाला स्वतःशी बांधून घेते. शिवाय पोलाद थंड होताना होणारे स्फटिकांतर ते खालच्या तापमानाकडे ढकलते, त्यामुळे रचना अधिक बारीक बनते.

कार्बनची गोष्ट निराळी आहे. त्याचा अणू लोखंडाची जागा घेत नाही. तो अणूंच्या मधल्या फटीत शिरतो. साध्या तापमानाच्या लोखंडात ही फट कार्बनच्या मानाने फारच अरुंद असते, त्यामुळे तो शेजाऱ्यांना एका विशिष्ट दिशेने दूर ढकलतो. दोषरेषांचे मुख्य प्रकार दोन. एकीत जास्तीची अर्धी रांग असते, तर दुसरीत अणूंचे थर जिन्यासारखे पीळ खात वर चढतात. मँगनीजसारखा अणू सर्व दिशांना सारखाच ताण देत असल्याने मुख्यतः पहिल्या प्रकाराला अडवतो. कार्बनचा एकांगी धक्का मात्र दोन्ही प्रकारांना जखडतो. म्हणूनच विरघळलेला कार्बन टक्क्यास टक्का मँगनीजच्या शंभरपटीहून अधिक परिणामकारक ठरतो.

कार्बनजवळ आणखी एक गुण आहे. तो लोखंडात स्वस्थ बसत नाही. साध्या तापमानालाही कार्बनचा अणू सुमारे सेकंदाला एकदा एका फटीतून दुसऱ्या फटीत उडी मारतो. अशा भटकंतीत तो दोषरेषेपाशी पोहोचला की तेथेच रमतो. रेषेभोवती कार्बन अणूंचा असा मेळा जमतो, हे ॲलन कॉट्रेल यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस दाखवले. त्याला 'कॉट्रेल वातावरण' असेच नाव पडले. मोटारीच्या कारखान्यात याचा मोठ्या चतुराईने उपयोग होतो. दाराचा पत्रा साच्यात दाबला जातो तेव्हा तो मऊ असतो. मग रंग वाळवण्यासाठी त्याला सुमारे १७० अंश सेल्सिअसच्या भट्टीत पंधरा-वीस मिनिटे ठेवतात. त्या उष्णतेत कार्बनच्या उड्या हजारो पटींनी वाढतात, अणू दोषरेषांना जाऊन चिकटतात आणि रंगाबरोबरच पत्राही कडक होऊन बाहेर पडतो.

पाण्यात बुडताना काय घडते?

आता लोहाराच्या विळ्याकडे परत येता येईल. सुमारे ९१२ अंशांच्या वर शुद्ध लोखंडाची रचना बदलते आणि त्या नव्या रचनेतील फटी अधिक ऐसपैस असतात. तेथे कार्बन वजनाने दोन टक्क्यांपर्यंत सहज सामावतो. तेच लोखंड थंड झाल्यावर एका टक्क्याच्या जेमतेम पन्नासाव्या भागाइतकाच कार्बन सामावू शकते. हळूहळू थंड होऊ दिले तर जादा कार्बनला बाहेर पडण्यास वेळ मिळतो आणि तो लोखंडाशी संयोग पावून कठीण पापुद्र्यांच्या रूपात वेगळा होतो. पाण्यात बुडवले तर तो वेळच मिळत नाही. कार्बन जागच्या जागी अडकतो, सारी रचना एका अंगाने ताणली जाते आणि दोषरेषांना हलण्यास वावच उरत नाही. या अवस्थेला मार्टेन्साइट म्हणतात. ती अत्यंत कठीण पण काचेसारखी ठिसूळ असते. जाणता लोहार म्हणूनच फक्त धार बुडवतो आणि मागच्या अंगाची ऊब पुन्हा धारेकडे येऊ देतो. त्या उबेत थोडा कार्बन सुटतो आणि ठिसूळपणा कमी होतो.

शहरातील बांधकामांवर दिसणारी 'टीएमटी' सळई याच तत्त्वावर बनते. लाटण यंत्रातून लालभडक बाहेर पडणाऱ्या सळईवर पाण्याचा जोरदार मारा होतो. बाहेरचे कवच मार्टेन्साइटचे बनते, आतल्या गाभ्याची उष्णता बाहेर येऊन त्या कवचाला नरमवते आणि गाभा स्वतः मऊ राहतो. कठीण साल आणि चिवट गर, अशी ही रचना असते.

गर्दी, भिंती आणि खडे

टीएमटी येण्यापूर्वी पिळाची 'टॉर' सळई प्रचारात होती. तिला थंड अवस्थेतच पीळ दिला जाई. त्या पिळाने आत नव्या दोषरेषा मोठ्या संख्येने निर्माण होत आणि त्या एकमेकींत अडकून पडत. शनिवारच्या बाजारात एखाद-दुसरा माणूस सहज वाट काढतो. गर्दी झाली की कोणीच हलू शकत नाही, तसाच हा प्रकार. भरपूर ठोकलेल्या किंवा पिळलेल्या धातूच्या एका घन सेंटिमीटर तुकड्यातील दोषरेषा टोकाला टोक लावून जोडल्या तर त्यांची लांबी दहा लाख किलोमीटर किंवा त्याहूनही अधिक भरू शकते. पृथ्वीपासून चंद्राचे अंतर चार लाख किलोमीटरांहून कमी आहे.

तिसरा अडसर म्हणजे कणांच्या सीमा. पोलाद हा एकच अखंड स्फटिक नसतो. तो असंख्य सूक्ष्म कणांचा बनतो आणि प्रत्येक कणातील अणुरांगांची दिशा वेगळी असते. दोषरेषा सीमेपाशी येऊन थबकते. कण जितके बारीक तितक्या भिंती अधिक आणि पोलाद तितके बळकट, हा नियम हॉल यांनी १९५१ मध्ये आणि पेच यांनी १९५३ मध्ये मांडला. बळाबरोबर चिवटपणाही वाढवणारा हा विरळा उपाय आहे. कण बारीक राखण्यासाठी नायोबियम, व्हॅनेडियम किंवा टायटॅनियम यांची चिमूट पुरते. एका टन पोलादात अर्धा किलो नायोबियम म्हणजे अवघे ०.०५ टक्के. त्याचे कार्बनशी झालेले अतिसूक्ष्म खडे कणांना वाढू देत नाहीत. शिवाय चालत्या दोषरेषेच्या वाटेत ते असे उभे राहतात की तिला त्यांच्याभोवती धनुष्यासारखे वाकून, मागे एक वळे सोडून पुढे जावे लागते.

मँगनीजचे प्रमाण फार वाढवले तर आणखी वेगळे दृश्य दिसते. रॉबर्ट हॅडफिल्ड यांनी १८८२ मध्ये सुमारे बारा-तेरा टक्के मँगनीज असलेले पोलाद तयार केले. योगायोग असा की जमशेटजींच्या हाती चांद्याचा अहवाल आला तेही हेच साल. हे पोलाद आघात सोसतानाच कठीण होत जाते, कारण प्रत्येक तडाख्यासरशी पृष्ठभागातील दोषांची गुंतागुंत वाढते. दगड फोडणाऱ्या क्रशरचे जबडे आणि रेल्वेचे रूळ जेथे एकमेकांना छेदतात ते 'क्रॉसिंग' याच पोलादाचे ओततात.

बळ म्हणजेच सुरक्षितता नव्हे

येथवर वाचून असे वाटेल की जितके अडसर अधिक तितके पोलाद उत्तम. वस्तुतः खरा पेच येथूनच सुरू होतो. दोषरेषा हलतात म्हणूनच पोलाद तुटण्यापूर्वी वाकते, आणि वाकणे ही एक प्रकारची पूर्वसूचना असते. रेषांची वाट पूर्ण बंद केली तर ताण वाढताच थेट तडा जातो. ताणले जाण्याच्या या क्षमतेला तन्यता म्हणतात. भूकंपात इमारत हेलकावे खाते तेव्हा आतील सळईने तुटू नये, वाकून ऊर्जा जिरवावी, अशी अपेक्षा असते.

फॉस्फरसचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तो लोखंडाला मँगनीजपेक्षा कितीतरी अधिक कठीण करतो, परंतु कणांच्या सीमांवर गोळा होऊन तेथील बंध सैल करतो आणि थंडीत पोलाद ठिसूळ बनवतो. भंगार वितळवून सळई बनवताना फॉस्फरस नीट काढला गेला नाही, तरीही ती सळई बळाच्या चाचणीत उत्तीर्ण होऊ शकते. म्हणूनच भारतीय मानक १७८६ मध्ये केवळ बळ पाहिले जात नाही. 'फे ५००' यातील पाचशे हा आकडा चौरस मिलिमीटरला किमान ५०० न्यूटनांचा ताण दाखवतो. बारा मिलिमीटर व्यासाची अशी सळई कायमची ताणली जाण्यापूर्वी साडेपाच टनांहून अधिक ओढ सोसते. जाड कणांच्या अतिशुद्ध लोखंडाची तेवढीच सळई अर्ध्या टनाच्या आसपास शरण गेली असती. पण 'फे ५००' आणि 'फे ५०० डी' यांचे बळ सारखेच असताना दुसरीला अधिक तन्यतेची अट आहे. पहिलीने तुटेपर्यंत किमान १२ टक्के लांबावे, तर दुसरीने १६ टक्के. गंधक व फॉस्फरस यांची प्रत्येकी कमाल मर्यादा पहिलीला ०.०५५ टक्के, तर दुसरीला ०.०४० टक्के आहे. घर बांधणाऱ्याने सळईच्या भावाबरोबर तिच्यावरचे मानक चिन्ह, त्या अखेरच्या 'डी' अक्षराचा अर्थ आणि कारखान्याचे चाचणी प्रमाणपत्र पाहणे म्हणूनच आवश्यक आहे.

हाच पेच रुळांच्या बाबतीतही आहे. नेहमीच्या रुळात साधारण ०.६ ते ०.८ टक्के कार्बन आणि ०.८ ते १.३ टक्के मँगनीज असते. त्यात मऊ लोखंड आणि कठीण कार्बाइड यांचे पापुद्रे एकाआड एक रचलेले असतात. हे पापुद्रे जितके पातळ तितका दोषरेषांचा मार्ग तोकडा, आणि रूळ चाकांखाली तितका कमी झिजतो. परंतु असा कठीण रूळ तड्यांच्या बाबतीत नाजूकही असतो. थंडीत रूळ आकसून ताणला जातो आणि आत राहिलेली एखादी बारीक चीर अशा वेळी वाढते. हिवाळ्यात रूळ तुटण्याचे प्रकार अधिक होतात आणि रेल्वेचे कर्मचारी पहाटेच्या गारठ्यात मार्गावरून पायी गस्त घालतात, त्यामागे हे कारण आहे.

वडसा ते गडचिरोली हा सुमारे ५२ किलोमीटरचा लोहमार्ग आरमोरीवरून जाण्यासाठी आखला गेला आहे. दीर्घकाळ मागणीच राहिलेला हा मार्ग प्रत्यक्ष कामाच्या टप्प्यात आला, ही या भागाच्या दृष्टीने मोठी घटना आहे. या मुलखातून खनिज बाहेर जाते आणि तयार रूळ, सळ्या, पत्रे बाहेरून येतात, हा क्रम आजवर चालत आला. खनिजाच्या किमतीत आणि पोलादाच्या किमतीत जो फरक पडतो, त्याचा बराच भाग अणूंच्या रांगांमध्ये कोणता अडसर, किती आणि केव्हा उभा करायचा, या ज्ञानाचा असतो. नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेत धातुशास्त्राचा विभाग आहे. गडचिरोलीत २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. जिल्ह्यातील मुले या ज्ञानाची वाटेकरी झाली, तरच डोंगरातून निघणाऱ्या लोखंडाचा खरा लाभ या मातीला मिळेल. नायकुंडच्या भट्टीपासून आरमोरीच्या ऐरणीपर्यंत विळ्याला पाणी देणाऱ्या हातांची येथे कधीच उणीव नव्हती. त्या पाण्यात काय घडते हे सांगणारी प्रयोगशाळाही आता याच परिसरात उभी राहायला हवी.